नावावरून पत्ता : कचेरीतील संगणकांचे एक दुखणे

आमचा आजचा विषय ऐकताना थोडा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. एखाद्या लहान कचेरीत आठ-दहा संगणक असतात. ते एकमेकांना नावाने हाक मारतात. आणि एखादे दिवशी ती हाक पोहोचत नाही. असे का होते व त्या वेळी काय तपासावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. हे काम यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचे, त्यात आपण कशाला पडा, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत असे. परंतु एका सोमवारी सकाळी याच प्रश्नापायी एका मुलीवर नसता ठपका आला, आणि तो ठेवणाऱ्यांत आम्हीही होतो. तेव्हापासून हा विषय आम्हांला परका वाटेनासा झाला.

प्रसंग असा. आमच्या गावातील एका लहानशा पतसंस्थेत नऊ संगणक आहेत. हिशेबाचे सगळे दप्तर एका दहाव्या संगणकावर असते. इतरांना माहिती पुरवणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. या सर्व्हरचे नाव 'लेखा'. एका शनिवारी कचेरी बंद होण्याच्या सुमारास इंटरनेट पुरवणाऱ्यांकडचा माणूस आला आणि जुना राऊटर काढून त्या जागी नवा बसवून गेला. राऊटर म्हणजे कचेरीतील संगणकांना बाहेरच्या जगाशी जोडून देणारी पेटी. त्याच्या मदतीला काउंटरवरची एक तरुण कर्मचारी थांबली होती. तिने चार-सहा वायरी काढून पुन्हा लावल्या.

सोमवारी दहाला कचेरी उघडली, संगणक सुरू झाले, पण हिशेबाचा प्रोग्राम काही उघडेना. 'सर्व्हर सापडत नाही' एवढेच वाक्य पडद्यावर येई. काउंटरपुढे रांग लागली. एका आजोबांना मुदत ठेव मोडून रुग्णालयात पैसे भरायचे होते. मौज अशी की, इंटरनेट व्यवस्थित चालू होते, आणि मॅनेजरांच्या खोलीतील संगणकावर हिशेबाचा प्रोग्रामही उघडत होता. बाकीच्या आठांवर मात्र नाही. त्या आजोबांचे काम अखेर मॅनेजरांच्या खोलीत बसून उरकले गेले.

यावर मॅनेजरसाहेबांनी तर्क लढवला तो असा : सर्व्हर ठीक आहे, कारण आमच्या खोलीत तो चालतो, इंटरनेट ठीक आहे, ते सर्वांनाच दिसते, तेव्हा उरल्या त्या वायरी. आणि वायरींना शनिवारी हात कोणी लावला? "साहेब, मी काढलेल्या वायरी जिथल्या तिथेच लावल्या हो," असे ती मुलगी परोपरीने सांगत होती. आम्ही संस्थेचे जुने सभासद. त्या वेळी तेथेच बसलो होतो. आम्हीही मान डोलावली. वरवर पाहता तर्क बिनतोड होता. तरीही तो साफ चुकीचा होता. तो कोठे चुकला हे कळण्यासाठी संगणकाचे नाव आणि त्याचा पत्ता यांचे नाते आधी समजून घेतले पाहिजे.

आपल्या जुन्या पेठांतून पाहा. 'मारुतीच्या देवळाशेजारचा वाडा' म्हटले की माणूस बरोबर दाराशी पोहोचतो. नगरपालिकेच्या दप्तरी मात्र तोच वाडा सिटी सर्व्हे नंबराने ओळखला जातो. लग्नपत्रिकेवर नाव छापतात, घरपट्टीच्या पावतीवर नंबर. माणसाला नाव लक्षात ठेवणे सोपे जाते, दप्तराला नंबर. संगणकांचे अगदी असेच आहे. माणूस 'लेखा' म्हणतो. वायरीतून जाणाऱ्या संदेशावर मात्र क्रमांकच लिहावा लागतो. हा क्रमांक चार आकड्यांचा मिळून होतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी असतो. आमच्या 'लेखा'चा क्रमांक होता १९२.१६८.१.१०.

अशा क्रमांकांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी होते. ती जगाला पुरत नाही. म्हणून अधिक लांब क्रमांकांची दुसरी पद्धत निघाली आहेच. शिवाय काही क्रमांक घरगुती वापरासाठी वेगळे काढून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक या घरगुती वर्गातले. खोली नंबर तीन जशी प्रत्येक चाळीत असते, तसे हे क्रमांक हजारो कचेऱ्यांतून असतात. चाळीच्या आत ते कामाचे. चाळीच्या बाहेर त्यांना अर्थ नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता नावावरून क्रमांक काढायचा कोणी? प्रारंभी याचे उत्तर फार सरळ होते : एक यादी ठेवायची. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेले आर्पानेट हे अमेरिकेतील जाळे १९६९ मध्ये सुरू झाले. त्यातील संगणकांच्या नावांची यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत राखली जाई. एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली हे काम चाले. नवा संगणक आला की तेथे कळवायचे, आणि इतरांनी अधूनमधून तेथून ताजी प्रत उतरवून घ्यायची. संगणक वाढले तसा हा व्यवहार अंगाशी येऊ लागला. यादी सदैव शिळी, नक्कल उतरवणारे अनेक, आणि एकच नाव दोघांनी घेतले तर तंटा. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना सुचवली. तिला डीएनएस म्हणतात. १९८७ मध्ये तिला जे सुधारलेले रूप मिळाले, त्याच पायावर ती आजही उभी आहे.

या रचनेतील कल्पना मोठी शहाणपणाची आहे. सगळी नावे कोणा एकाला ठाऊक असण्याची गरज नाही. पुढे कोणाला विचारावे, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. 'इन' या अक्षरांनी संपणारे एखादे नाव घ्या. प्रथम मुळाशी बसलेल्या सर्व्हरना विचारायचे. त्यांची नावे तेरा असली तरी त्यांच्या प्रती जगभर हजाराहून अधिक ठिकाणी बसवलेल्या आहेत. ते म्हणतात, आम्हांला ते नाव ठाऊक नाही, पण 'इन'वाल्यांकडे जा. 'इन'वाले म्हणतात, त्या नावाच्या मालकाचे दप्तर अमुक ठिकाणी आहे, तेथे विचारा. तेथे क्रमांक मिळतो. परक्या गावात घर शोधताना आपण आधी एस्टीच्या थांब्यावर, मग पेठेत, मग गल्लीच्या तोंडावरच्या वाण्याकडे विचारतो, त्यातलाच हा प्रकार. ही पायपीट आपला संगणक स्वतः करीत नाही; तो एका ठरावीक डीएनएस सर्व्हरला विचारतो आणि तो सर्व्हर ती करतो. शिवाय प्रत्येक उत्तराबरोबर एक मुदत येते : हे उत्तर इतकी मिनिटे किंवा इतके तास ध्यानात ठेवा, मग पुन्हा विचारा. त्यामुळे दरवेळी मुळापर्यंत जावे लागत नाही.

आता दोन बारकावे सांगतो. कारण बहुतेक घोटाळे येथेच होतात. पहिला असा की, कोणाला विचारायचे हे संगणकाला उपजत ठाऊक नसते. सकाळी सुरू होताच तो कचेरीच्या जाळ्यात पुकारा करतो, 'मला क्रमांक द्या'. आणि राऊटर त्याला क्रमांक देतो व त्याबरोबरच सांगतो, 'नावे विचारायची असतील तर अमुक सर्व्हरला विचार.' या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. दुसरा असा की, कोणालाही विचारण्यापूर्वी संगणक स्वतःच्याच गाठोड्यात पाहतो. मागे मिळालेली उत्तरे त्याच्या स्मरणात असतात. आणि 'होस्ट्स' नावाची एक लहानशी फाईलही असते, तीत हाताने लिहिलेले नाव-क्रमांक तो निमूटपणे खरे मानतो. जुन्या आर्पानेटच्या यादीचा हा वंशज आजही प्रत्येक संगणकात नांदत आहे.

आता सोमवारच्या कचेरीत परत जाऊ. दुपारी आमच्या ओळखीचे, नेटवर्कचे काम जाणणारे एक गृहस्थ आले. त्यांनी एकाही वायरीला हात लावला नाही. काउंटरवरच्या संगणकापुढे बसून त्यांनी एकेक प्रश्न विचारला. त्यांचा क्रम आम्ही येथे देतो, कारण सगळी खुबी त्या क्रमातच आहे.

पहिला प्रश्न : रस्ता शाबूत आहे काय? हे पाहण्यासाठी नाव मुळीच वापरायचे नाही. 'पिंग' ही आज्ञा देऊन पुढे सर्व्हरचा क्रमांक लिहायचा. 'पिंग' म्हणजे पलीकडच्या संगणकाला 'आहेस का?' असे विचारणे. त्यांनी १९२.१६८.१.१० लिहिले आणि तत्क्षणी उत्तर आले. याचा अर्थ वायरी धड होत्या. तेथेच त्या मुलीवरचा ठपका पुसला गेला. तो ठेवायला आम्हांला पाच मिनिटेसुद्धा लागली नव्हती. तो खोटा ठरायला एक मिनिट पुरले. ते एक मिनिट सकाळपासून कोणी खर्च केले नव्हते, एवढेच. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काही संगणक अशा हाकेला ओ देऊ नये असे मुद्दाम ठरवलेले असतात. म्हणून ओ आली तर रस्ता निश्चित चालू. न आली तर मात्र रस्ता तुटलाच असे समजू नये.

दुसरा प्रश्न : नाव विचारले तर काय उत्तर येते, आणि ते देतो कोण? यासाठी 'एनएसलुकअप' ही आज्ञा आहे. तिच्यापुढे त्यांनी सर्व्हरचे पूर्ण नाव लिहिले. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ते 'लेखा.कचेरी.इंटर्नल' असे नोंदलेले होते. उत्तर आले, 'असे नाव अस्तित्वात नाही.' ते देणारा होता १९२.१६८.१.१, म्हणजे खुद्द नवा राऊटर. मग तोच प्रश्न त्यांनी मॅनेजरांच्या संगणकावर केला. तेथे क्रमांक बिनचूक आला. आणि उत्तर देणारा होता १९२.१६८.१.१०, म्हणजे स्वतः 'लेखा'.

तिसरा प्रश्न : ह्याला विचार, असे संगणकाला सांगितले कोणी? 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेने ते कळते. आठही संगणकांनी आपला डीएनएस सर्व्हर राऊटरकडून घेतला होता. मॅनेजरांच्या संगणकात मात्र तो पूर्वी कोणीतरी हाताने लिहून ठेवलेला होता. येथे सगळा उलगडा झाला. कचेरीतील नावांची वही 'लेखा'जवळच होती, आणि 'नावे विचारायची तर लेखाला विचारा' असे सर्वांना सांगण्याचे काम जुन्या राऊटरला लावून दिलेले होते. नवा राऊटर आला तो कारखान्यातून निघाला तसाच. त्याने सर्वांना सांगितले, 'मला विचारा.' त्याला विचारले की तो बाहेरच्या जगाला विचारी. पण 'इंटर्नल' हा शेवट खासगी वापराचा. जगातील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०२४ मध्ये तो तशासाठीच राखून ठेवला आहे. तेव्हा बाहेरचे जग 'असे नाव नाही' म्हणणार, यात नवल ते काय? बाहेरची नावे मात्र राऊटर बिनतक्रार काढून देत होता. म्हणून इंटरनेट चालू दिसत होते. चाळीतल्या खोलीचा पत्ता आम्ही रेल्वे स्टेशनवर विचारीत होतो.

इलाज पाव तासाचा होता. राऊटरमध्ये जाऊन डीएनएस सर्व्हर म्हणून 'लेखा'चा क्रमांक लिहिला. आठही संगणकांना राऊटरकडून नव्याने क्रमांक घ्यायला लावले. आणि त्यांच्या स्मरणातील जुनी उत्तरे पुसून टाकली. हे पुसणे अगत्याचे असते, कारण संगणक 'आहे' हे उत्तर जसे ध्यानात ठेवतो तसे 'नाही' हे उत्तरही काही काळ ध्यानात ठेवतो. दुरुस्ती झाल्यावरही तो जुनाच नकार घोकत बसतो, आणि दुरुस्ती फसली असे वाटून आपण बरोबर केलेले पुन्हा बिघडवतो.

ही कथा येथे संपली असती. परंतु त्या सकाळी, रांग खोळंबली म्हणून, एका हुशार मित्राने दोन संगणकांच्या 'होस्ट्स' फाईलीत 'लेखा'चे नाव व क्रमांक हाताने लिहून काम चालू करून दिले होते. वेळ निभावली, सर्वांनी त्याचे कौतुक केले, आणि ती गोष्ट सगळेच विसरले. काही महिन्यांनी सर्व्हर बदलला. नव्याचे नाव 'लेखा'च ठेवले, क्रमांक मात्र १९२.१६८.१.२० दिला, आणि जुना क्रमांक छपाईयंत्राला दिला. दुसऱ्या दिवशी सात संगणक सुरळीत. दोन मात्र हिशेबाचे दप्तर छपाईयंत्राकडे मागत बसले!

या वेळी मात्र कोणी कोणावर ठपका ठेवला नाही. आम्ही स्वतःच तपासायला बसलो. 'एनएसलुकअप' म्हणे, क्रमांक २० ने संपतो. 'पिंग' म्हणे, १० ने संपतो. एकाच संगणकावर एकाच नावाची दोन उत्तरे! यातले मर्म असे की, 'एनएसलुकअप' थेट सर्व्हरला विचारते, तर 'पिंग' इतर प्रोग्रामांप्रमाणेच आधी गाठोड्यात पाहते. दोहोंत तफावत आली की दोष बाहेर शोधू नये. तो त्या संगणकाच्या स्मरणात किंवा 'होस्ट्स' फाईलीत असतो. दोन ओळी खोडल्या आणि काम झाले. तात्पुरता इलाज करू नये असे आम्ही म्हणत नाही. तो केल्यावर लिहून मात्र ठेवावा.

आणखी एक समजूत फार पसरलेली आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. संगणकात डीएनएस सर्व्हरसाठी दोन जागा असतात. पुष्कळ लोक पहिल्या जागी कचेरीचा सर्व्हर लिहितात आणि दुसऱ्या जागी, असू द्यावा म्हणून, बाहेरचा एखादा लिहितात. गूगलने २००९ पासून सर्वांसाठी खुला ठेवलेला ८.८.८.८ हा त्यात विशेष आवडीचा. कल्पना अशी की, पहिल्याला नाव सापडले नाही तर दुसरा सांगेल. वस्तुतः तसे घडत नाही. दुसऱ्याला विचारले जाते ते पहिला गप्प राहिला तर. पहिल्याने 'नाही' म्हटले तर नव्हे. 'नाही' हेही उत्तरच आहे. आणि पहिला क्षणभर गप्प राहिला की संगणक बाहेरच्याला विचारतो. त्या बिचाऱ्याला आपल्या चाळीतील खोल्या ठाऊक नसतात, तो खुशाल 'नाही' म्हणतो. परिणाम असा की, प्रोग्राम कधी उघडतो, कधी उघडत नाही. असा लहरी बिघाड शोधणे सर्वांत कठीण. दुसरा सर्व्हर लिहायचाच असेल तर कचेरीची नावे जाणणाराच लिहावा. नसेल तर ती जागा मोकळी बरी.

नाव आणि रस्ता यांची गल्लत लहान कचेऱ्यांतच होते असे मात्र नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास, फेसबुक आणि व्हॉट्सअॅप एकाएकी बंद पडले व सुमारे सहा तास बंद राहिले, हे आपल्याला आठवत असेल. जगभर लोकांना दिसले ते एवढेच की, नावावरून क्रमांक निघत नाही. पण मूळ दोष नावांच्या दप्तरात नव्हता. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारे रस्तेच तुटले होते. आणि रस्ते तुटल्याचे पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी, नियमाप्रमाणे, आपल्याकडे येण्याची वाट जगाला सांगणे बंद केले होते. आमच्या कचेरीत नाव बिघडले होते आणि आम्ही रस्त्याला दोष दिला. तेथे रस्ता बिघडला होता आणि नाव हरवल्यासारखे दिसले. म्हणून पहिली फोड हीच करावी : नावावाचून, नुसत्या क्रमांकाने, पोहोचता येते की नाही?

आता या सगळ्यातून आपल्या कचेरीपुरते काय करावे, ते थोडक्यात सांगतो. एका वहीत एक पान राखावे. त्यावर प्रत्येक सर्व्हरचे व छपाईयंत्राचे नाव आणि क्रमांक, डीएनएस सर्व्हर कोणता, आणि क्रमांक वाटणारा राऊटर कोणता, हे लिहावे. क्रमांक वाटणारा एकच असावा. दोघे वाटू लागले की कोणाचे ऐकावे हे संगणकांना कळत नाही. राऊटर बदलायला माणूस आला की ते पान त्याच्यापुढे ठेवावे व जाण्यापूर्वी एका संगणकावरून नाव विचारून पाहावे. कोठे हाताने काही लिहिले असेल तर त्याची तारीख घालावी. सर्व्हरचा क्रमांक बदलायचा असेल तर एक दिवस आधी त्याच्या उत्तराची मुदत कमी करून ठेवावी, म्हणजे जुने उत्तर कोणाच्या स्मरणात फार काळ राहत नाही. आणि एखाद्या संगणकाचा क्रमांक १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर त्याला क्रमांक देणारे कोणी भेटलेच नाही व त्याने तो स्वतःच घेतला आहे असे समजावे; तेथे मात्र वायर अवश्य पाहावी.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या सोमवारी दुपारी, काम सुरळीत झाल्यावर, सगळे आपापल्या जागी गेले आणि विषय मिटला असे झाले. तो मिटला नव्हता. ठपका चारचौघांत ठेवला होता, तेव्हा तो परतही चारचौघांतच घ्यायला हवा होता, हे आम्हांला घरी गेल्यावर सुचले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांना ते बोलून दाखवले. ते भले गृहस्थ. त्यांनी काउंटरपाशी सर्वांना बोलावून, वायरी ठीक होत्या आणि आपली चूक झाली, असे स्वच्छ सांगितले. आम्हीही आमचा शब्द मागे घेतला. ती मुलगी एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी आधी मला नंबर घालून बघू द्या, साहेब." आता तिने ते पान वहीत लिहून काढले आहे, आणि वही काउंटरच्या खणात असते.